भंडारी साहेब ‘जगाचे सरन्यायाधीश’ कधी झाले?

आमच्या फिरायच्या ग्रुपवर परवा तोच २०१७चा मेसेज परत आला. ‘दलवीर सिंग आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे चीफ जस्टिस! १९३ पैकी १८३ मतं! ब्रिटनची ७१ वर्षांची मक्तेदारी संपली! पहिलाच भारतीय!’ खाली आठ तिरंगे. टाकणारे मामा सिद्धेश्वर तळ्यावर रोज भेटतात, भला माणूस.

आधी नाव. ते दलवीर भंडारी, जोधपूरचे. २००४-०५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. तेव्हा त्या न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच कुठलं! सोलापूरचा पक्षकार कागदांची पिशवी उशाला घेऊन सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रभर मुंबई गाठायचा.

१८३ हा आकडा खरा आहे. पण तो पडला कधी? संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भंडारी पुढे होते, सुरक्षा परिषदेत मात्र ब्रिटनचे ग्रीनवूड ९ विरुद्ध ५ असे पुढे, आणि निवडून यायला दोन्हीकडे बहुमत लागतं. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, शेवटी ब्रिटननं माघार घेतली. समोर कुणी उरलंच नाही, तेव्हाची ही मतं. तीही १५ न्यायाधीशांपैकी एका जागेसाठी, ज्या न्यायालयात भंडारी २०१२ पासून होतेच.

चीफ जस्टिस म्हणजे तिथला अध्यक्ष, आणि तो तर देश निवडतच नाहीत. दर तीन वर्षांनी न्यायाधीशच आपल्यातून गुप्त मतदानानं निवडतात. २०१८ मध्ये सोमालियाचे युसूफ झाले. कुलभूषण जाधव यांचा निकाल २०१९ मध्ये त्यांनीच वाचला. मग अमेरिकेच्या डोनाह्यू, लेबनॉनचे सलाम (ते मुदत अर्धी टाकून देशाचे पंतप्रधान व्हायला गेले), मग जपानचे इवासावा. यात भंडारी कुठंच नाहीत.

मक्तेदारीचं म्हणाल तर १९४६ पासून ब्रिटनचा न्यायाधीश तिथं सलग होता आणि ती जागा गेली, एवढं बरोबर. अध्यक्षपद मात्र अगदी सुरुवातीलाच एल साल्वादोरच्या गेरेरोंकडे गेलं होतं.

मला खरा राग आहे तो ‘पहिलाच भारतीय’चा. डुंगरपूरच्या राजघराण्यातले नागेंद्र सिंह, आपल्या क्रिकेटवाल्या राजसिंगांचे काका, आयसीएस अधिकारी. मग मुख्य निवडणूक आयुक्त. तिथून १९७३ मध्ये थेट हेगला, आंतरराष्ट्रीय न्यायालयात, आणि १९८५ ते ८८ या न्यायालयाचे अध्यक्ष. निकाराग्वाच्या खटल्यात २७ जून १९८६ रोजी अमेरिकेविरुद्ध निकाल गेला तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीत हेच होते. अमेरिका तर खटला अर्ध्यावर सोडून निघून गेली होती!

आणि ‘आपला माणूस आपल्या बाजूनं’ मत देणार, ही समजूत? मार्च २०२२ मध्ये युक्रेनवर भारत संयुक्त राष्ट्रांत तटस्थ राहत होता. न्यायालयानं रशियाला लष्करी कारवाई थांबवायला सांगितलं १३ विरुद्ध २ मतांनी. भंडारी त्या १३ मध्ये होते.

हे सगळं मामांना तळ्याच्या कट्ट्यावर बसून सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला.

“म्हणजे आपला एक माणूस बसला होता की नाही अध्यक्ष?”

“बसला होता मामा. चाळीस वर्षांपूर्वी.”

“मग ते टाक की बे ग्रुपवर!”