वाळवंटातला सॅलॅमँडर वाळूत राहत नाही

कॅलिफोर्नियातल्या ‘डेझर्ट स्लेंडर सॅलॅमँडर’ या लांबट, शेपटीवाल्या प्राण्याबद्दलचा मजकूर सगळीकडे फिरतो आहे: ‘फुप्फुसे नसलेला हा प्राणी तापलेल्या वाळूत स्वतःला गाडून घेतो, पाण्यावाचून जगतो आणि सरड्यांचा भाऊबंद आहे.’ यात फुप्फुसांचे तेवढे खरे आहे, आणि तेवढ्यावरूनच उरलेला मजकूर खोटा ठरतो.

‘पाण्यावाचून जगतो.’ फुप्फुसे नसल्याने हा श्वास घेतो तो कातडीतून आणि तोंडातल्या अस्तरातून. हवेतला प्राणवायू आधी कातडीवरच्या ओलाव्यात विरघळावा लागतो, मगच तो रक्तात जातो. कातडी सुकली की तहानेआधी गुदमरूनच मरण येते.

‘तापलेल्या वाळूत.’ हा प्राणी 1969 मध्ये सापडला तो सांता रोसा डोंगरातल्या हिडन पाम कॅन्यनमध्ये. भोवती वाळवंटच आहे, पण त्याचे घर म्हणजे चुनखडीच्या कड्यातून पाणी पाझरते तिथल्या ओल्या भेगा आणि दगडांखालची गार जागा. पूर्वी हवा दमट असताना असे प्राणी बरेच पसरलेले असावेत. प्रदेश कोरडा पडत गेला तसे ते झऱ्यांपाशी अडकून राहिले. म्हणून पाझर आटला तर सरकायला दुसरी जागाच नाही. नुसत्या उन्हापेक्षा मला ही गोष्ट जास्त चिंतेची वाटते. पाणी फार आले तरी घातच: 1976 च्या वादळी पावसात तिथली चुनखडी खचून काही आसरा गेला. अमेरिकेने 1973 मध्येच त्याला संकटग्रस्त यादीत घातले होते.

‘सरड्यांचा भाऊबंद.’ नाही, हा उभयचर आहे, बेडकांच्या बाजूचा. लांबट अंगामुळे सापसुरळीची आठवण होते खरी, पण सापसुरळीला खवले आणि नख्या असतात. याला दोन्ही नाहीत, आणि मागच्या पायालाही चारच बोटे. याला आज बहुतेक जण दक्षिण कॅलिफोर्नियाच्या बागांमध्ये आढळणाऱ्या ‘बॅट्राकोसेप्स मेजर’चीच उपजात मानतात. इन्यो डोंगरातल्या झऱ्यांकाठचा ‘बॅट्राकोसेप्स कॅम्पी’ ही वेगळी जात, पण त्याच ‘बॅट्राकोसेप्स’ वंशातली (जीनस). या गटाची अंडी ओल्या जमिनीवर घातली जातात आणि पिल्ले थेट पायांसह बाहेर येतात. पाण्यात पोहणारी अवस्था नसतेच.

जमिनीखाली दडून राहण्याची गोष्ट बहुधा टायगर सॅलॅमँडरवरून आली असावी. तो अ‍ॅरिझोनासारख्या कोरड्या भागात बिळांत दिवस काढतो आणि प्रजननासाठी डबक्यांत येतो. पण प्रौढपणी त्याला फुप्फुसे असतात, आणि तो ॲक्सोलॉटल या मेक्सिकोतल्या सॅलॅमँडरच्या कुळातला आहे.