‘बंदूक सर्वांना द्या’ म्हणणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

बंदूक परवान्याचे नियम आणखी कडक करा, अशी मागणी आम्ही कोल्हापुरातल्या काही नागरिकांनी केली. त्यावर एक मेसेज तालमींच्या, मंडळांच्या, सोसायट्यांच्या ग्रुपवर जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: कॉम्रेड गोविंद पानसरे अण्णांजवळ पिस्तूल असतं तर ते वाचले असते. शस्त्रबंदी ही इंग्रजांची देणगी आहे. स्वित्झर्लंडमध्ये घरोघरी बंदुका असूनही शांतता आहे. गुन्हेगार परवाना काढत नाहीत, मग कायदा कशाला? आणि शेतकऱ्याची बंदूक आता जाणार.

अण्णांचं नाव घेतलंय, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी फिरून घरी परतताना सागरमाळ भागात त्यांच्यावर आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला अण्णा गेले. मारेकरी मोटारसायकलवरून आले होते. ठरवून, पाळत ठेवून येणाऱ्याच्या हातात पहिली गोळी असते; बेसावध माणसाच्या खिशातलं पिस्तूल खिशातच राहतं. दीड वर्ष आधी, २० ऑगस्ट २०१३ ला, पुण्यात डॉ. दाभोलकरांनाही सकाळी फिरायला गेले असतानाच मारलं. या दोन हत्यांवरून विचारायचा प्रश्न एकच आहे: ती हत्यारं मारेकऱ्यांपर्यंत पोचलीच कशी? अण्णांच्या नावावर बंदुकांचा प्रचार करणं मला सहन होत नाही.

‘गुन्हेगार परवाना काढत नाहीत’ हे खरंच आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. गावठी कट्टा मध्य प्रदेशातल्या उमर्टीसारख्या गावात भट्टीवर बनतो, काडतूस मात्र बहुतेक वेळा कारखान्यातलंच असतं. म्हणजे कुठल्यातरी दुकानातून, कुणाच्यातरी परवान्यावरून ते बाहेर पडलेलं असतं. म्हणून आमची मागणी फक्त बंदुकीची नाही. परवानाधारकाने किती काडतुसं घेतली, किती वापरली आणि रिकाम्या पुंगळ्या कुठे आहेत, याचा हिशेब दरवर्षी तपासला जावा. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवायची मर्यादा घातली, वरातीत आणि मिरवणुकीत हवेत बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला. हे चांगलं झालं. पण त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. पाच वर्षांत माणूस दारूला लागतो, भाऊबंदकीत अडकतो, मनाने खचतो. एवढा काळ त्याच्याकडे कुणी बघायचंच नाही का?

खचलेल्या माणसाचा मुद्दा मेसेजमध्ये नाहीच, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसं मेली. त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. दुसऱ्या मार्गाने जीव द्यायला निघालेला अनेकदा वाचतो, त्याला दवाखान्यात न्यायला वेळ मिळतो. बंदूक तो वेळ देत नाही. घरात चोर येईल म्हणून घेतलेली बंदूक अनेकदा घरच्याच माणसावर चालते.

स्वित्झर्लंडचं उदाहरण अर्धवट सांगितलंय. तिथे सक्तीची लष्करी सेवा आहे, बंदूक त्या शिस्तीतून घरी येते. सैनिकांना घरी ठेवायला मिळणारी काडतुसंही २००७ नंतर परत घेतली गेली. १९ मे २०१९ च्या सार्वमतात तर सुमारे ६४ टक्के मतदारांनी आणखी कडक नियमांच्या बाजूने कौल दिला. आपल्या तालमीतही नव्या पोराच्या हातात वस्ताद आल्या आल्या दांडपट्टा देत नाहीत. आधी लाठी, आधी पवित्रे.

इंग्रजांचा १८७८ चा कायदा अन्यायी होताच: युरोपियनांना सूट आणि आपल्याला परवान्याशिवाय बंदी. गांधीजींनी त्यावर कडक टीका केली, ती १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात. आजचा कायदा १९५९ चा, आपल्या संसदेचा आहे आणि तो माणसाची कातडी बघून परवाना देत नाही.

शेतकऱ्यांना मात्र नीट सांगायला हवं. आजरा, चंदगड, राधानगरीकडे डुकरं रात्रीत पीक झोपवतात, ते दुःख खरं आहे. पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कायद्यातच आहे. ती काढा, असं आम्ही कुठेही म्हटलेलं नाही.

आम्ही म्हणतोय ते हे: घरात मारहाणीची तक्रार नोंदली गेली की त्या घरातली परवान्याची बंदूक लगेच पोलिस ठाण्यात जमा व्हावी. शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली परवाना निलंबित करायचा अधिकार आजही आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की जिल्ह्यात छाननी समिती बसते आणि बंदुका जमा करून घेतल्या जातात. मतदारासाठी जे होतं, ते मार खाणाऱ्या बाईसाठीही व्हायला हवं. याचं निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचं आहे आणि त्यावर प्रत्येक पेठेतल्या बायाबापड्यांच्या सह्या हव्यात.