कोपर लागलं की फाऊल कुणाचा? बास्केटबॉलमधल्या चार पक्क्या गैरसमजांना उत्तर

शालेय जिल्हा स्पर्धा जवळ आल्या की सोलापुरातल्या खेळाडू-पालकांच्या ग्रुपवर चार वाक्यं फिरू लागतात. डिफेंडर हलला तर चार्जिंग (चेंडूवाला डिफेंडरवर आदळल्याचा फाऊल) नाही. कोपर लागलं की थेट अनस्पोर्ट्समनलाइक, म्हणजे साध्यापेक्षा गंभीर फाऊल. कोपर लागलंच नाही तर फाऊल नाही. आणि बास्केटखालच्या अर्धवर्तुळात अटॅकरचा फाऊल होतच नाही. फिबा या जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या नियमांपुढे यातलं एकही टिकत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान पहिलं वाक्य करतं, कारण ते ऐकून मुलं खांबासारखी उभी राहायला शिकतात. नियमाला हवं ते एवढंच: चेंडूवाल्याकडे तोंड आणि दोन्ही पाय जमिनीवर. एकदा ही जागा घेतली की डिफेंडर बाजूला सरकू शकतो, मागे जाऊ शकतो, जागेवर सरळ उडी मारू शकतो, मार वाचवायला अंगही वळवू शकतो. तरी ड्रिबलर छातीवर आदळला तर फाऊल ड्रिबलरचाच. चेंडूवाल्यासमोर येताना ठरावीक अंतर सोडायचंही बंधन नाही. मात्र अटॅकर हवेत गेल्यावर त्याच्या वाटेत शिरलात तर ब्लॉकिंग, म्हणजे डिफेंडरचा फाऊल. इथे निर्णय चुकतो तो नजर चेंडूवर खिळल्यामुळे. धडक दिसते, पाय कधी टेकले ते निसटतं. एंडलाइनवरच्या (बास्केटमागच्या रेषेवरच्या) पंचाने डिफेंडरचे पाय आणि धड बघावं.

आता कोपर. अटॅकरलाही स्वतःची जागा असते, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. वाकलेले गुडघे, कमरेच्या वर धरलेला चेंडू, दोन्ही कोपरांच्या बाहेरच्या कडा: एवढ्या मापाचा सिलिंडर, म्हणजे काल्पनिक नळकांडं, त्याचा. त्यात राहून त्याने पिव्हट घ्यावा (एक पाय जागेवर ठेवून वळावं), पास द्यावा. रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा परतलेला चेंडू) घेतलेल्याला दोघांनी चिकटून घेरलं आणि नेहमीसारखं वळताना त्याचं कोपर एकाच्या हनुवटीला लागलं, तर आत शिरलेल्या डिफेंडरचा फाऊल. लागलं कुणाला यावरून तो ठरत नाही. कोपर बाहेर काढून जागा केली असेल तर अटॅकरचा साधा फाऊल: फ्री थ्रो नाही, चेंडू समोरच्या संघाला. अशा कोपराचा फाऊल अनस्पोर्ट्समनलाइक ठरतो तो मुख्यतः धडक अतिरेकी जोराची असली तर. मग 2 फ्री थ्रो आणि वर चेंडूही. आमच्या मते सर्वांत भरवशाची खूण म्हणजे वेग. कोपर धडाबरोबर वळलं की धडाला मागे टाकून झटक्याने आलं, ते पाहा.

न लागलेलं कोपरही सुटत नाही. चेंडू धरून कोपरं बेफाम फिरवली तर टेक्निकल (धडकेविना, वागणुकीसाठीचा फाऊल), 1 फ्री थ्रो.

अर्धवर्तुळाची सूट अरुंद आहे. अटॅकर चेंडूसह हवेत, शॉट किंवा पास करतोय, आणि डिफेंडरचा निदान एक पाय त्या भागात, तरच ती लागू. रेषा त्या भागातच मोजतात. त्यातही हाताने ढकललं, कोपर घातलं किंवा पाय फेकला तर अटॅकरचा फाऊल होतोच. सिमेंटच्या कोर्टावर ही रेषा पुसली गेली असेल तर सामन्याआधी रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडा, तिथून 1.25 मीटर त्रिज्येने खडूने आखा आणि दोन्ही टोकांपासून एंडलाइनच्या दिशेने सरळ रेषा ओढा. खडूची रेषा मध्यंतरापर्यंत पुसट होते; तेव्हा पुन्हा गिरवा.