पहिले ५ किलोमीटर आवरतं घ्या

पहिल्या हाफ मॅरेथॉनच्या तयारीवरच्या लेखात आठवड्यातून एकदाच्या लांब पल्ल्याच्या रनवर भर दिलाय, तो अगदी योग्य. पण पहिल्यांदा हाफ मॅरेथॉन पळणारे बहुतेकदा चुकतात ते सुरुवातीलाच, हेही त्यात यायला हवं होतं. सोबतचा घोळका सुसाट सुटतो, आपण त्याच्या वेगात ओढले जातो, आणि तेव्हा दम लागत नसल्यामुळे चूक कळतही नाही. माझ्या पहिल्या हाफला पंधराव्या किलोमीटरनंतर मांड्या दगडासारख्या झाल्या. उरलेलं अंतर चालत-पळत काढलं. हाफचं एकूण अंतर २१.०९७५ किलोमीटर आहे. त्यातले पहिले ५ तरी शेजारच्याशी सलग वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगात पळा. जोर लावायला पुढे भरपूर रस्ता उरतो.

आणखी एक, मोज्यांचं. बोटांवर येणारी शिवण सुरुवातीला जाणवतही नाही, मग घाम आला की नेमका तिथेच फोड येतो. म्हणून बूट, मोजे, पळताना ऊर्जेसाठी खायचं जेल, सगळं आधी एखाद्या लांब रनमध्ये वापरून बघा. नखं दोन-तीन दिवस आधी कापा. आणि शेवटच्या आठवड्यात राहून गेलेला सराव भरून काढायला कृपया जाऊ नका. तो त्या शर्यतीत कामी येत नाही, पाय मात्र थकलेले राहतात.