बॅटरी काढून आयआरक्यू मोकळे होत नाहीत

"जुन्या पीसीत कार्ड चालत नाही? हे ५ उपाय करा, रिपेअरवाले कधीच सांगणार नाहीत" असा एक मेसेज सध्या सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर फिरतोय. असे मेसेज फिरतच असतात, पण कुपवाडला मेव्हण्याच्या वर्कशॉपात डॉस या विंडोजआधीच्या सिस्टिमवर चालणारा एक पीसी आहे आणि त्याने यातला पहिला उपाय करून टाकला. आता पीसीला हार्डडिस्क सापडत नाही. म्हणून हा खटाटोप.

तो पहिला उपाय असा: "सीमॉसची बॅटरी १० मिनिटं काढा, सगळे आयआरक्यू रीसेट होतात."

सीमॉस म्हणजे पीसीच्या सेटिंग्ज लक्षात ठेवणारी, बॅटरीवर जागी राहणारी छोटी मेमरी. आयआरक्यू म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची नंबर दिलेली ओळ. आता कुठले आयआरक्यू रीसेट होणार? आयएसए या जुन्या पद्धतीच्या स्लॉटात बसणाऱ्या कार्डाचा आयआरक्यू कार्डावरच्या जंपरने ठरतो. प्लास्टिकची ती इवलीशी टोपी कुठल्या दोन पिनांवर बसली आहे, एवढाच प्रश्न. बॅटरी १० मिनिटं काढा नाहीतर १० दिवस, टोपी हलत नाही. कार्डांना आपोआप नंबर देणाऱ्या प्लग अँड प्ले बोर्डांत कुणाला काय दिलं याची यादी बायोस (पीसी चालू होताना आधी चालणारा, बोर्डावरचा प्रोग्राम) ठेवतो खरा, पण अनेक बोर्डांवर ती फ्लॅश चिपमध्ये असते, तिला बॅटरीशी देणंघेणं नाही. ती पुसायला बायोसच्या सेटअपमध्ये 'रीसेट कॉन्फिगरेशन डेटा' नावाची ओळ आहे. ती 'येस' करा, सेव्ह करा, झालं.

बॅटरी काढल्यावर जातं ते वेगळंच. ३८६ आणि सुरुवातीच्या ४८६ प्रोसेसरच्या बोर्डांवर डिस्कचे सिलिंडर, हेड, सेक्टर हे मापाचे आकडे हाताने भरलेले असतात, बहुतेकदा टाइप ४७ (आकडे स्वतः भरायचा पर्याय) खाली, आणि ते सीमॉसमध्येच राहतात. ते गेले की बायोसच्या लेखी डिस्कच नाही. आकडे सहसा डिस्कच्या लेबलवर छापलेले असतात, तेच पुन्हा भरायचे. पण डिस्क मुळात ज्या आकड्यांवर फॉरमॅट केली होती तेच हवेत. ऑटो डिटेक्ट असलेल्या बोर्डावर नॉर्मल, लार्ज, एलबीए असे डिस्कवरच्या जागा मोजायचे पर्याय येतात. आधी नॉर्मल असताना आता एलबीए निवडलं तर डिस्क दिसेल, पण चालू होईलच असं नाही, आणि त्या अवस्थेत तिच्यावर काही लिहिलं गेलं तर फाइली गेल्याच म्हणून समजा. म्हणून आधी फ्लॉपीने चालू करून नुसतं डीआयआर (फाइलींची यादी दाखवणारी डॉसची आज्ञा) बघायचं. नावं नीट दिसली, एखादी मोठी फाइल शेवटपर्यंत वाचता आली, तरच पुढे जायचं.

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. बोर्डाला झाळलेली ३.६ व्होल्टची निळी, पिंपाच्या आकाराची बॅटरी गळते आणि आजूबाजूचे ट्रॅक खाते. हिरवट बुरशीसारखं दिसलं तर ती काढायलाच हवी. पण सेटअपच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढल्यानंतर. आणि डॅलस १२८७ सारखी काळी चिप असेल तर बॅटरी तिच्या पोटातच असते, काढायला वेगळं काही नसतंच.

दुसरा दावा: "दोन कार्डांना एकच आयआरक्यू दिला तर मदरबोर्ड जळतो." एकाच ओळीवर दोन आयएसए कार्डांनी उलटसुलट ओढाताण करणं चिपांना चांगलं नाही, हे खरं. पण रोज दिसणारा परिणाम वेगळा. आयएसएवर ८२५९ ही हाका गोळा करणारी चिप ओळ खालून वर जाण्याचा क्षण टिपते. एकाने ओळ वर धरलेली असताना दुसऱ्याने हाक मारली तर नवा चढ उमटतच नाही, आणि ती हाक हरवते. वजनकाट्याचं इंडिकेटर कॉम १ या सीरियल पोर्टवर आणि आतला मोडेम कॉम ३ वर घ्या. पत्ते वेगळे, ३एफ८ आणि ३ई८, पण आयआरक्यू दोघांचाही ४. मोडेम चालू झाला की काट्याचा आकडा अर्धवट येतो किंवा पीसी गप्प बसतो. जळत काही नाही. मोडेमला दुसरा आयआरक्यू द्या, आणि सॉफ्टवेअरमध्येही तोच भरा. आयएसएनंतरच्या पीसीआय स्लॉटची कार्डं तर एक ओळ वाटून घेण्यासाठीच बनवली आहेत, तिथे एकच आकडा दोनदा दिसला म्हणून घाबरायचं काही नाही.

"नंबर जितका लहान तितकं कार्ड फास्ट" हे तिसरं. आयबीएमच्या एटी या पीसीच्या १९८४ च्या टेक्निकल रेफरन्समधला तक्ता बघा: ०, १, मग २ च्या पोटात ८ ते १५, आणि त्यानंतर ३ ते ७. म्हणजे १० नंबर ३ च्या आधी येतो. आणि हा क्रम दोन हाका एकदम आल्या तर आधी कुणाची घ्यायची एवढ्यापुरता आहे. त्याने कार्डाचा वेग वाढत नाही.

चौथं, "पीएनपी ओएस इन्स्टॉल्ड येस करा", म्हणजे सेटअपमध्ये 'प्लग अँड प्ले जाणणारी सिस्टिम आहे' असं सांगा. विंडोज ९५-९८ असेल तर ठीक. डॉसवर 'येस' केलंत तर बायोस फक्त बूटला लागणारी कार्डं लावून देतो, बाकीची प्लग अँड प्ले कार्डं तशीच सोडतो, आणि डॉसला ती लावता येत नाहीत. डॉसवर 'नो'. आणि जंपरच्या कार्डाने घेतलेला आयआरक्यू त्याच सेटअपमध्ये 'लेगसी आयएसए' करून ठेवा, म्हणजे बायोस तो पीसीआयला देणार नाही.

"स्लॉट बदला" हे पीसीआयला लागू पडतं, कारण तिथल्या चार इंटरप्ट ओळी सहसा स्लॉटागणिक फिरवून जोडलेल्या असतात. आयएसएचे सगळे स्लॉट एकाच तारांवर आहेत. कार्ड कुठेही बसवा, फरक शून्य.

मेसेजच्या शेवटी "काहीच जमलं नाही तर १० नंबर द्या, तो मोकळाच असतो" असंही आहे. पण १०, ११, १२, १४, १५ या ओळी स्लॉटच्या मागच्या, जादा तुकड्यात आहेत. ८ बिटच्या कार्डाची सोनेरी कडा तिथवर पोचतच नाही. त्याला ५ द्या, किंवा ७, कारण डॉस प्रिंटरसाठी ७ सहसा वापरत नाही. कार्डावर २ लिहिलं असेल तर एटी बोर्डावर तो ९ समजा.