बोंड फोडू नका

पीक-सल्ला सेवेचं मूल्यमापन करायला यवतमाळकडे निघालात? मग एप्रिलात या. तोवर कपाशी उपटलेली असते, पऱ्हाट्या धुऱ्यावर रचलेल्या असतात आणि गुलाबी बोंडअळी औषधालासुद्धा सापडत नाही. सप्टेंबरात आलात तर गुडघाभर चिखल, आणि पाठीवर पंप घेतलेल्या माणसाला तुमच्या प्रश्नावलीसाठी वेळ कुठला?

प्रश्न एकच विचारा: मोबाइलवर सल्ल्याचा मेसेज मिळाला का? मिळाला. खूण करा, पुढचं घर. त्याचं केलं काय, या फंदात पडू नका. नंबर बहुधा पोराचा असतो आणि पोरगा चाकणला कंपनीत. चाकणमध्ये बोंडअळी पूर्ण आटोक्यात आहे, हे निष्कर्षात बिनधास्त लिहा.

सल्ला तसा चोख असतो हो. २००९ पासून राज्यात क्रॉपसॅप ही कीड-सर्वेक्षणाची योजना आहे, किडी मोजून सल्ला काढतात. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाची गोळी लावून नर पतंग धरतात तो) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारा, इतकं नेमकं. सापळा घरात खुंटीला टांगलेला दिसेल, आतली गोळी कधीच वाळलेली. फोटो काढा. ‘अवलंब’ या रकान्यात छान बसतो.

वेचणीच्या बायांना काही विचारू नका. किडकं बोंड पहिल्यांदा त्यांच्याच बोटांना लागतं, कवडी, म्हणजे किडका कापूस, वेगळी त्याच काढतात. पण सातबारावर नाव नाही, म्हणजे लाभार्थी नाही.

आणि संध्याकाळी कृषी केंद्राच्या काउंटरवर तर चुकूनही थांबू नका. तिथे एक जण खिशातून चुरगळलेलं पान काढतो. “भाऊ, याले काय मारू?” दुकानदार पानाकडे एकदा बघतो, उधारीच्या वहीकडे दोनदा. मग तीन बाटल्या पुढे येतात: अळीची, बुरशीची आणि एक टॉनिक. “एकाच पंपात टाक. पैसे कापूस आल्यावर.” पावती मागायची रीत नाही. असली मिश्रणं किती महागात पडतात ते २०१७ साली याच जिल्ह्यानं पाहिलं, फवारताना विषबाधा होऊन २० वर माणसं गेली. तरी रात्री नऊ वाजता, उधारीवर, समोरासमोर उत्तर देणारा हा एवढाच (हे मी त्याच्या कौतुकानं म्हणत नाही). तुमच्या यादीत तो ‘सल्ला सेवा’ म्हणून नाहीच, तेव्हा प्रश्न मिटला.

तुलनेसाठी सल्ला न मिळालेलं गाव हवं असेल तर नकाशावर बोट ठेवा. व्हॉट्सॲपवर तोच सल्ला तिथे आधीच फिरलेला असतो, सोबत गोमूत्राचे दोन उपाय जोडून.

समाधानाचा प्रश्न चहानंतर विचारा. पाव्हण्याच्या तोंडावर “समाधान नाही” म्हणणारं घर विदर्भात अजून सापडायचं आहे.

एवढं करूनही कुणी वावरात नेलंच, तर बोंड फोडू नका. २० हिरवी बोंडं फोडायची, दोनांत अळी निघाली की नुकसानीची पातळी गाठली, हा हिशेब शाळकरी पोरालाही जमतो. म्हणूनच तो टाळा. अळी बारीक असतानाच आत शिरते, मागून भोक बुजतं, बोंड बाहेरून टणक आणि हिरवंगार. फोटोला झकास. म्हातारा नखानं शिवण उकलायला लागला, तर घड्याळ बघा आणि ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगा.