कुंदा, भजी आणि आठवा माणूस

गोफ म्हणजे रंगीत पट्ट्यांची वेणी घालत नाचायचा खेळ, आणि त्याला माणसं जोडीनं लागतात. सहा चालतात, आठ चालतात, बारा असली तर बघणाऱ्याचे डोळे निवतात. सात चालत नाहीत. अर्ध्यांनी घड्याळाच्या काट्यासारखं फिरायचं, अर्ध्यांनी उलटं, आणि प्रत्येकानं समोरून येणाऱ्याला ओलांडायचं, असा तो मामला. सातच असले की कुणाला तरी समोरून येणारंच कुणी उरत नाही. तो बिचारा हातातली पट्टी धरून मांडवात हरवलेल्या पोरासारखा उभा राहतो.

आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या अपार्टमेंटमध्ये यंदा नवरात्रात सातच जण जमले. आठवे म्हणून दुसऱ्या मजल्यावरचे भावोजी ठरले होते, पण ऐन वेळी त्यांचा गुडघा बोलायला लागला. ही धापा टाकत वर आली.

"काय करायलाय?"

"पेपर वाचायलोय."

"म्हणजे रिकामेच की. चला खाली."

वयाच्या ५४ व्या वर्षी माणसाची कलाक्षेत्रात भरती होते ती अशी.

तसा मी नाचाला अगदीच परका नाही. शाळेत लेझीम खेळलोय, शिवजयंतीच्या चित्ररथापुढं घसा बसेपर्यंत नाचलोय. पण लेझमीचं बरं असतं. चाळीस पोरांत एकाचा पाय चुकला तर तो चुकलेला पाय त्या छनछनाटात कुठल्या कुठं विरून जातो. दिंडीतली पावली तर त्याहून दयाळू. मागचा माणूस आपोआप पुढं ढकलतो. रिंगणात सगळं घोड्यावर सोपवून आपण टाळ कुटत उभं राहायचं. झिम्मा-फुगडीत चुकलं तर पडतं माणूस, हसतात सगळे, संपलं. गोफाचं तसं नाही. गोफात तुमची चूक कापडावर उतरते, आणि तीही रंगीत.

व्यवस्था अशी. पार्किंगच्या छताला पंख्यासाठी ठोकलेला हूक होता, त्याला लोखंडी कडी आणि कडीला शहापुरातून आणलेल्या आठ रंगांच्या सुती पट्ट्या. एकेका पट्टीचं टोक एकेकाच्या हातात. एकाला बाहेरून ओलांडायचं, पुढच्याला आतून, पुन्हा बाहेरून, पुन्हा आतून. माणूस आत शिरला की त्याची पट्टी दुसऱ्याच्या पट्टीखालून जाते, आणि वर कडीपाशी वेणी पडायला लागते. जसजशी वेणी खाली येते तसतशा पट्ट्या आखूड होतात, रिंगण आवळतं, आणि सुरुवातीला हातभर लांबून जाणाऱ्या वहिनी शेवटी शेवटी कोपरानं बरगडीत ढोसून जातात. मग थांबायचं, उलटं वळायचं, आणि आल्या वाटेनं वेणी सोडवायची. सोडवताना, ज्याला शेवटी आतून ओलांडलं त्यालाच आधी पुन्हा आतून ओलांडायचं. इथं एकाची जरी गफलत झाली तर जुनी वेणी सुटायची राहते आणि तिच्यावर नवीन पडायला लागते. तिला शास्त्रात काय म्हणतात ठाऊक नाही, आमच्यात गुंता म्हणतात.

मला हिरवी पट्टी मिळाली. कुणालाच नको होती, कारण हिरव्यावर डाग दिसतात.

शिकवायला टीचरआक्का होत्या. माहेर बैलहोंगलचं, सगळी नोकरी कानडी शाळेत, आणि शाळेत असताना त्यांनी पोरींकडून जडे कोलाट बसवून घेतलेला. जडे म्हणजे वेणी, कोलाट म्हणजे टिपऱ्या. आपल्या गोफाचीच सख्खी बहीण. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की शिगम्यात हाच खेळ गोफ म्हणून भेटतो. माझा इंग्लंडमधला भाचा तर फोनवर म्हणाला, "मामा, आमच्या इथं पण मे महिन्यात खांबाला रिबिनी बांधून हेच करतात." मी म्हटलं, "तुमचं ठीक आहे, तुमची वेणी खांबाला धरून बसते. आमची हवेत लोंबकळते, नाचणारा लडबडला की तीही झोके खाते." तो म्हणाला, "मग सोडून द्या की." इंग्लंडातून सल्ला द्यायला काय जातंय!

भाषेचा तसा प्रश्न नव्हता. बेळगावात जन्म गेलेल्या माणसाला कानडी येतंच, भाजीबाजारात तर माझं अस्खलित चालतं. पण घात केला तो एका शब्दानं. टीचरआक्का टाळी वाजवून ओरडायच्या, "वळगऽ!" कानडीत वळग म्हणजे आत. आणि आमच्या चार मराठी बायकांच्या कानावर काय पडायचं? "वळ गऽ!" त्या आज्ञाधारकपणे गर्रकन वळायच्या आणि आल्या दिशेला चालू लागायच्या. मग टीचरआक्का घाबरून "होरगऽ, होरगऽ!" म्हणजे बाहेर, बाहेर. त्यावर निपाणीकडच्या काकू दर वेळी विचारणार, "कोण पोरगं?" त्यात उजवीकडं म्हणायचं तर त्या म्हणत "बलक्क", की मी जोर लावून पट्टी ओढायचो. बळ लावा म्हणत असतील असं वाटलं. छताचं प्लास्टर थोडं पडलं, एवढंच.

दोन्ही भाषांना नको म्हणून मग इन आणि आउट ठरलं. पहिल्याच "आउट"ला तळमजल्यावरचा कॉलेजचा पोरगा पट्टी सोडून रिंगणाबाहेर जाऊन उभा राहिला. सवय, दुसरं काय.

शेवटी तोडगा काढला तो हिनं. आत म्हणजे कुंदा, आमची बेळगावची मिठाई, आणि बाहेर म्हणजे भजी. दोन्ही शब्द दोन्ही भाषांत तेच, दोन्ही दोन मात्रांत बसणारे, आणि कुंदा म्हटल्यावर आत जायचं हे बेळगावच्या माणसाला शिकवावं लागत नाही. हाका फक्त आम्हा १, ३, ५, ७ नंबरवाल्यांसाठी. २, ४, ६, ८ नी त्याच्या उलट करायचं. आणि काय सांगू, बसला की हो गोफ! "कुंदाऽ, भजीऽ, कुंदाऽ, भजीऽ" या तालावर तिसऱ्या दिवशी वेणी पडली आणि सुटलीसुद्धा. टीचरआक्कांनी "साकु, साकु", म्हणजे पुरे, पुरे, म्हणत डोळे पुसले. सरावाला रोज कुणी तरी उशिरा यायचं आणि "दुसरं रेल्वे गेट पडलं होतं" म्हणायचं. ज्यांचं घर वरच्या मजल्यावर आहे तेही म्हणायचे.

कार्यक्रम अष्टमीला. खुर्च्या भरलेल्या, बायकांच्या नऊवाऱ्या, माझ्या डोक्याला फेटा. तो डोळ्यांवर येत होता, हे मी नंतर बचावात मांडलेलं आहे. वेणी पडली. इतकी सुबक, की पुढच्या रांगेतून "अय्य, एष्टु छंद!", म्हणजे किती छान, असं ऐकू आलं. आम्ही थांबलो, वळलो. एवढ्यात निवेदन करणाऱ्या गृहस्थांना राहवलं नाही. त्यांनी माइक ओढून पाठ करून आणलेलं वाक्य टाकलं, "दोन भाषांची ही वेणी कधीच सुटणार नाही!"

टाळ्या. आम्ही सोडवायला घेतली. कुंदा, भजी, कुंदा, भजी. अर्धी सुटली होती. आणि त्याच माइकवरून तेच गृहस्थ म्हणाले, "कार्यक्रमानंतर सर्वांसाठी कुंदा आणि भजी ठेवलेली आहेत, कुंदा संपण्याआधी..."

त्या क्षणी टीचरआक्का "भजी" म्हणत होत्या. आम्हा चौघांपैकी दोघांनी आक्कांचं ऐकलं, दोघांनी माइकचं. मी माइकचा. मी आत घुसलो, समोरून निपाणीच्या काकूही नियमाप्रमाणे आतच आल्या, आणि आमची कपाळं आपटल्याचा आवाज माइकनं टिपला. तिथून पुढं जे झालं त्याला नाच म्हणता येणार नाही. प्रत्येकजण आपापल्या परीनं चूक दुरुस्त करत होता, आणि आठ जणांनी एकाच वेळी दुरुस्त केलेली चूक पट्ट्यांवर चढत होती. रिंगण आवळत आवळत आम्ही आठही जण एका पाटावर मावू इतके जवळ आलो. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, न सुटणारी वेणी मुद्दाम बसवली आहे.

गुंता खाली काढायला स्टूल कमी पडलं, म्हणून तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर तात्या बॅटरी आणि विणकामाची सुई घेऊन आले आणि गठ्ठ्यातलं पत्र शोधावं तसे एकेक वळसा उलगडत गेले. पाऊण तासानं म्हणाले, "हे बघा. इथवर सगळं ठीक. इथं हिरवा आत गेलाय. जायला नको होता. हिरवा कुणाचा?"

मी म्हटलं, "आठवत नाही."

"ह्यांचा," ही म्हणाली. लग्नाला २७ वर्षं झाली आमच्या.

दिवाळीत वॉचमननं त्याच गुंत्याला आकाशकंदील अडकवला. पट्ट्या चांगल्याच पक्क्या, वाऱ्यात हललासुद्धा नाही. आता गाडी लावून त्याच्याखालून जिन्याकडं निघालो की निपाणीच्या काकू गॅलरीतून हळूच म्हणतात, "भजीऽ." मी खांबाच्या बाहेरून जातो.